गोळ्या चालू आहेत, शुगर उतरत नाही: वस्तीत नेमकं कुठं अडतं?

टिनाखाली (प्रश्न; इथली सगळी नावं टोपणनावं आहेत)

नमस्कार. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आम्ही काही जण रविवारी बीपी-शुगर बघतो. येणारे म्हणजे ठिय्यावर (रोजच्या कामासाठी मजूर उभे राहतात तो नाका) उभे राहणारे बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, ई-रिक्षावाले, कळमन्याच्या बाजारात हमाली करणारे. शुगर आहे हे बहुतेकांना माहीत आहे. कागद आहेत, गोळ्या आहेत. तरी उपाशीपोटी २२०-२५० आणि जेवणानंतर ३५० च्या पुढे, महिनोन्महिने. दवाखान्यात गेले की "पथ्य पाळत नाही" हे ऐकून आणि एक गोळी वाढवून परत येतात.

"लोकांत जागृती नाही" हे उत्तर कृपया देऊ नका, ते पाठ झालंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गोळ्या घेऊनही शुगर का उतरत नाही ते शोधायचं कसं? इन्सुलिनवाल्यांकडे फ्रीज नाही, मग एप्रिल-मेमध्ये काय करायचं? आणि रेशनच्या तांदळावर घर चालतं त्याला आहार काय सांगायचा? खर्चाचा उपाय सांगाल तर आकडाही सांगा.

कडूगोळी

फार्मसीच्या खिडकीमागून जे दिसतं ते लिहितो.

"गोळी घेता का?" असं विचारूच नका. उत्तर "हो" येणार, आणि ते खोटंही नसतं. त्याऐवजी विचारा, "मागच्या आठ दिवसांत कोणत्या दिवशी राहिली?" मग पाकीट मागा आणि मोजा. दिवसाला दोन म्हणजे महिन्याच्या ६०. महिना उलटला आणि पाकिटात २२ शिल्लक, म्हणजे पोटात ३८ गेल्या. केसपेपरवर तारखेसकट तेवढं एक वाक्य लिहा: "६० पैकी ३८ घेतल्या". डॉक्टरांसाठी हे वाक्य शुगरच्या आकड्याइतकंच कामाचं आहे.

ते वाक्य नसलं तर काय होतं ते बघा. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. पुन्हा जायचं तर एक रोजी बुडते, वर ऑटोचं भाडं. म्हणून माणूस सकाळची घेतो आणि संध्याकाळची वाचवतो, म्हणजे पंधरा दिवसांच्या महिनाभर पुरतात. आकडा चढलेलाच राहतो. डॉक्टरांना वाटतं गोळी कमी पडतेय. मेटफॉर्मिन ५०० चं १००० होतं, ग्लिमेपिराईड (शुगरचीच दुसरी गोळी) १ चं २ होतं, २ चं ४. कागदावर डोस चढत जातो, पोटात अर्धाच जातो. मग एक दिवस पेशंट दुसऱ्याच कारणानं भरती होतो, किंवा माहेरी आलेली लेक नेमानं सगळ्या गोळ्या द्यायला लागते, आणि दोन दिवसांत शुगर ५० वर येते. घरचे म्हणतात गोळ्या बाधल्या. त्यानंतर तो माणूस गोळीला हात लावत नाही.

त्यामुळे डोस वाढवण्याआधी मोजणी. आणि शुगर-बीपी स्थिर असेल तर महिन्याभराच्या गोळ्या मागा. मागितल्याशिवाय सहसा पंधराच दिवसांच्या मिळतात.

ग्लिमेपिराईडची वेळ हा दुसरा घोळ. पर्चीवर "सकाळी नाश्त्याआधी" लिहिलेलं असतं. ठिय्यावर सात वाजता उभा राहणारा माणूस घरून चहा पिऊन निघतो, काम लागलं तर वाटेत तर्री-पोहे, डबा एक-दीडला. सहाला घेतलेली ग्लिमेपिराईड अकराच्या उन्हात त्याला थरथर, घाम आणि चक्कर देते. परातीखाली उभं राहून चक्कर आलेला माणूस गोळी सोडणार नाही तर काय करणार? ही गोळी दिवसातल्या पहिल्या पोटभर जेवणाला बांधलेली हवी. ते जेवण एकला होत असेल तर तसं डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्या. त्या दिवशी जेवणच नसेल तर ग्लिमेपिराईड नाही, हेही त्यांच्याकडून पर्चीवर लिहून घ्या. एकट्या मेटफॉर्मिननं शुगर अशी खाली जात नाही. ती जेवणानंतर घ्यायची, नाहीतर पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की तीही सुटते.

तिसरं, रंग. लोक गोळी नावानं ओळखत नाहीत, "पांढरी मोठी, दोन टाइम" अशी ओळखतात. पुरवठा बदलला की पांढरी मोठी दुसरीच कुठली तरी असते. वर खासगी डॉक्टरांनी ग्लिमेपिराईड-मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दिलेली असते आणि सरकारी दवाखान्यातून दोन्ही सुट्या मिळतात. पेशंट तिन्ही घेतो. सगळी पाकिटं एका पिशवीत मागवा आणि ब्रँड सोडून औषधाचं मूळ नाव वाचा. तेच नाव दोनदा आलं की गडबड.

मेटफॉर्मिनच्या पाकिटावर एसआर किंवा ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर ती तोडायची नाही, कुटायची नाही. तिचं टरफल कधी शौचात तसंच दिसतं. "विरघळलीच नाही" म्हणून लोक घाबरतात. औषध शरीरात गेलेलं असतं.

खर्च: जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन ५०० च्या दहा गोळ्या दहा रुपयांच्या आसपास किंवा आत मिळतात, ग्लिमेपिराईडही स्वस्त आहे. बहुतेक वेळा औषधापेक्षा बुडालेली रोजी महाग पडते.

आणि सांधेदुखीच्या पुड्या. घरात बिनानावाची पुडी असेल तर आधी ती बाजूला ठेवा. असल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळल्याचं वारंवार आढळलेलं आहे आणि स्टेरॉईडनं शुगर झपाट्यानं चढते. वर्षानुवर्षं घेत असतील तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू. एकदम सोडलं तर बीपी कोसळू शकतं.

टिनाखाली

मोजणीचं पटलं. एक विचारतो: "जनऔषधीच्या गोळीत पावर नसते" असं लोक म्हणतात. काय सांगायचं?

कडूगोळी

वाद घालू नका. ब्रँड बदलायच्या आधी उपाशीपोटी शुगर बघा आणि बदलल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. मधल्या काळात दुसरं काही बदलू नका. आकडा सारखाच आला की तो माणूस स्वतःच चार जणांना सांगेल.

लालटोपण

इन्सुलिनबद्दल मी सांगते. वॉर्डात हेच शिकवावं लागतं. फ्रीजच्या आधी सिरिंज, कारण जास्त घोटाळा तिथं होतो.

सरकारी दवाखान्यातून मिळणारी बाटली बहुतेक ४० ची असते, म्हणजे १ मिलिलीटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची, त्यावर ४० खुणा. पेनाचं कार्ट्रिज १०० चं. १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. लाल संपली म्हणून दुकानदार केशरी देतो आणि पेशंट नेहमीच्या "२०" वर ओढतो. केशरी सिरिंजमधला २० म्हणजे ०.२ मिलिलीटर, त्यात ४० च्या बाटलीचे फक्त ८ युनिट. रोज २० ऐवजी ८. शुगर उतरणार कशी? उलट झालं तर जिवावर बेततं. पेनाच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजनं "२०" ओढलं की ५० युनिट जातात. म्हणून बाटली आणि टोपण शेजारी शेजारी ठेवून बघा: बाटलीवर ४० आणि टोपण लाल. अक्षर न येणाऱ्या आजीलाही लाल रंग लक्षात राहतो.

दुसरा हिशेब बाटलीचा. १० मिलिलीटरच्या बाटलीत ४०० युनिट. सकाळी २० आणि रात्री १० असेल तर १३ दिवसांत संपते. कुणाला महिन्याला एकच बाटली मिळत असेल तर ती दिवसाला जेमतेम १३ युनिट पुरवते. पेशंट "पुरवून" वापरतो आणि कागदावर ३० युनिट राहतात. असा पेशंट दिसला की त्याला महिन्याला तीन बाटल्या लागतात हे गणित पर्चीमागे लिहून पाठवा.

आता फ्रीज. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी, पण चालू बाटली फ्रीजबाहेर चार आठवडे राहू शकते, उष्णता बेताची असेल तर. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठानं २०२१ मध्ये छापलेल्या तपासणीत २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन टिकलं होतं. आपल्याकडे मेमध्ये टिनाखाली ३७ च्या किती तरी वर जातं, तेव्हा माठ.

मोठ्या माठात किंवा कुंडीत लहान मडकं ठेवायचं. दोघांमधल्या फटीत वाळू, वाळूत पाणी. सकाळ-संध्याकाळ पाणी टाकायचं. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत नीट बंद करून आतल्या मडक्यात कोरडी ठेवायची, वर ओलं फडकं. जागा सावलीची आणि वारा लागणारी. कोपऱ्यात दाबून ठेवलेलं मडकं गार होत नाही. नागपूरचं ऊन कोरडं आहे म्हणून ही युक्ती मेमध्ये छान चालते (कूलरही त्याच तत्त्वावर चालतो, बाप्पा). पावसाळ्यात हवा दमट झाली की मडकं फारसं गार होत नाही, पण तेव्हा पाराही खाली आलेला असतो. १३ दिवसांत संपणाऱ्या बाटलीला एवढं पुरतं. जास्तीच्या बाटल्या शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात, फ्रीजरपासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, वितळवून वापरू नका. दवाखान्यातून आणताना बर्फाच्या पिशवीला चिकटवून आणलं तरी गोठतं, मध्ये जाड फडकं हवं.

३०/७० ची (मिश्र इन्सुलिनची) बाटली पांढरी गढूळच असते. टोचण्याआधी तळहातांत हळूच दहा वेळा फिरवायची, खळखळ हलवायची नाही. गुठळ्या दिसल्या किंवा काचेला आतून पांढरा थर चिकटलेला दिसला तर फेकून द्या. पारदर्शक इन्सुलिन गढूळ झालं तर तेही फेका. उघडल्याची तारीख पेनानं लेबलवर लिहा.

सिरिंज एकदाच वापरायची असा नियम आहे. घरोघरी काय चालतं ते मला ठाऊक आहे. चार-पाचदा वापरणारच असाल तर एवढं पाळा: त्याच माणसाची, टोपण लावून ठेवलेली, सुईला स्पिरिट किंवा गरम पाणी न लावता (वरचं गुळगुळीत आवरण जातं आणि सुई जास्त दुखते), वाकली किंवा दुखायला लागली की बाद. दोघांत एक सिरिंज कधीच नाही, नवरा-बायको असले तरी नाही. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज जागा बदलून टोचा. एकाच जागी टोचून गाठ आली असेल तर त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. हात फिरवून बघा, बऱ्याच "न उतरणाऱ्या" शुगरचं उत्तर तिथं बोटाला लागतं. पण गाठ सोडून नव्या जागी टोचायला लागलं की तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून पहिले काही दिवस शुगर जवळून बघा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून द्या. कचरागाडीवाल्याच्या हातात सुटी सुई जाऊ नये.

उपाशीपोटी

लॅबकडून थोडं.

पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, नेहमीचं जेवण आणि नेहमीची गोळी घेऊन बघायची असते. लोक रिपोर्ट होईपर्यंत गोळीच घेत नाहीत. आकडा फुगतो, डोस वाढतो. क्रम असा: उपाशी रक्त द्या, मग गोळी-इन्सुलिन आणि घरून नेलेला डबा, आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी दुसरं रक्त. डबा नेला नाही तर बाहेरच्या ठेल्यावर आलूबोंडा आणि चहा होतो, आणि मग त्याचीच शुगर मोजली जाते.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) वर डोळे झाकून विसंबू नका, विदर्भात तर नाहीच. आपल्याकडे सिकलसेल बरंच आहे. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून तीन महिन्यांची सरासरी खोटी कमी येते. फक्त वाहक असेल तरी काही मशीनवर आकडा चुकतो. उलट लोह कमी असलेल्या बाईत तो खोटा जास्त येऊ शकतो. बोटाचे आकडे २५० आणि एचबीए१सी ६ असं काही दिसलं तर हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासा, आणि त्या पेशंटला उपाशी-पीपी वरच चालवा.

तुमच्या ग्लुकोमीटरचंही बघा. बहुतेक मीटर १० ते ४० अंशांत चालतात, मेच्या दुपारी टिनाखाली एरर दाखवतात. सकाळी आठच्या आत तपासा. पट्टीची डबी प्रत्येक वेळी लगेच बंद, उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं. आणि बोट पाण्यानं धुऊन कोरडं करून टोचा. संत्रं सोललेल्या बोटाला १४० ची शुगर २०० दिसू शकते.

भाकरवाला

आहाराचं सोपं आहे. भात पूर्ण बंद, ज्वारीची भाकर सुरू. आपले आजे-पणजे ज्वारीवरच जगले.

सांभारवडी

भाऊ, ज्वारी चांगलीच आहे, पण विकत आणावी लागते. रेशन २०२३ पासून फुकट आहे, माणशी ५ किलो, त्यात तांदूळ आणि गहू. फुकटचा तांदूळ सोडून ज्वारी आणा म्हणणं त्या घराला परवडत नाही. शिवाय तीन भाकरी खाल्ल्या तर ज्वारीनंही शुगर चढते. हमाली करणाऱ्याचा भात तोडला तर तो दुपारी पडेल, गोळी चालू असेल तर नक्कीच.

भाताचं प्रमाण आणि सोबत तपासा. बहुतेक घरांत वरण पातळ, भाजी चमचाभर, भात ढीगभर, आणि तो रात्री एकाच बैठकीत. भात दोन जेवणांत वाटा. आधी भाजी आणि घट्ट वरण खाऊन मग भात घेतला तर शुगर हळू चढते. डाळ महाग वाटत असेल तर सोयाबीनच्या वड्या बघा. कोरड्या वड्यांत वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं, माणशी २५-३० ग्रॅम भाजीत टाकल्या तरी जेवण भरतं. फुटाणे, मूठभर फल्लीदाणे, बरबटी, जवसाची चटणी. बाजार उठायच्या वेळी पालक, अंबाडी, चवळी, मुळ्याचा पाला स्वस्तात जातो. कोहळं आणि ढेमसंही घ्या, आलू रोज नको.

पण खरी साखर चहात असते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप म्हणजे ५० ग्रॅम, वर टोस्ट. चहा बंद करा म्हटलं तर कुणी ऐकत नाही, भूक मारायचं तेच साधन आहे. कप तेवढेच ठेवून साखर अर्ध्या चमच्यावर आणा, पंधरा दिवसांत जीभ बसते.

आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) विचारा. आहारतक्ते करणारे हे विसरतात. खर्ऱ्यानं भूक मरते, म्हणून जेवणाची वेळ टळते. वर्षानुवर्षं चघळून तोंड उघडेनासं झालं असेल तर भाकर, कच्ची भाजी, फुटाणे चावताच येत नाहीत. मग राहतो तो मऊ भात आणि चहात बुडवलेला टोस्ट. अशा माणसाला "सलाद खा" सांगून काय उपयोग? तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा, आणि तोवर डाळीत शिजवून घोटलेली पालेभाजी, अंडं, ताक, मऊ शिजवलेल्या सोयाबीन वड्या.

उपवासाला साबुदाणा आणि आलू म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. भगर-दाण्याची आमटी बरी, तीही बेतानं. रोजा ठेवणाऱ्यांनी गोळी-इन्सुलिनच्या वेळा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

लालटोपण

शुगर खाली जाण्याबद्दल राहिलं. थरथर, घाम, बडबड: शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही टाकू नका, कुशीवर वळवा, १०८ लावा. ग्लिमेपिराईडमुळे खाली गेलेली शुगर साखरेनं वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून "बरं वाटतंय" म्हणून झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या. आणि रिकाम्या पोटी देशी घेतलेला, गोळीवर असलेला माणूस रस्त्यात पडला असेल तर "पिऊन पडलाय" म्हणून सोडून जाऊ नका. आधी बोट टोचा.

उलट्या-जुलाब किंवा ऊन लागलं असेल आणि काही पोटात राहत नसेल तर मेटफॉर्मिन आणि "फ्लोझिन" असा नावाचा शेवट असलेल्या शुगरच्या गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इन्सुलिन मात्र आपल्या मनानं बंद करायचं नाही.

टिनाखाली

फार उपयोगी. कागदांचं कुणी सांगेल का? लोकांना वाटतं महात्मा फुले योजनेच्या कार्डावर गोळ्याही मिळतात.

कडूगोळी

नाही मिळत. महात्मा फुले असो की आयुष्मान, दोन्ही भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहेत, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाहीत. गोळ्यांसाठी जवळचं नागरी आरोग्य केंद्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सेवा मोफत झाली, पण मेडिकल आणि मेयो (नागपूरची दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची हॉस्पिटलं) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तिथं केसपेपरचे पैसे लागतात. लोक "फुकट आहे" समजून दहा रुपयेही न घेता जातात आणि खिडकीवरून परत येतात. (आणि कुणाला "मेडिकलमधून गोळ्या आणा" सांगताना दुकान की हॉस्पिटल ते नीट सांगा. नागपुरात यावरून माणसं चार किलोमीटर चालून आलेली आहेत.) घराजवळच्या "आपला दवाखाना" या सरकारी दवाखान्याची वेळ विचारा. संध्याकाळी चालू असेल तर रोजी बुडत नाही.

लालटोपण

पायाचं एक सांगून थांबते. रविवारी बीपीचा पट्टा बांधता तेव्हाच चप्पल काढायला लावा. तळवा, बोटांच्या फटी, टाचेच्या भेगा बघा. बधिर पायाला मेमधला डांबरी रस्ता भाजतो तेव्हा कळत नाही, हवाई चपलेचा बंद अंगठ्याजवळ घासून जखम करतो तेही कळत नाही, झोपेत उंदरानं कुरतडलं तरी काही जणांना सकाळी रक्त दिसल्यावरच कळतं. मऊ एमसीआर (बधिर पायांसाठीचं मऊ रबर) सोलची, मागे पट्टा असलेली चप्पल बघा. जखम दिसली की हळद, चुना, तंबाखू काही न लावता साध्या पाण्यानं धुऊन स्वच्छ फडकं बांधा आणि दुसऱ्याच दिवशी सर्जरीच्या ओपीडीला पाठवा, पुढच्या रविवारची वाट बघू नका.